मी, माझी दुर्बीण आणि अस्वल

माणसाला कशाचा गर्व व्हावा ह्याला काही नेम नाही. कुणाला आपल्या आवाजाचा होतो, कुणाला मुलाच्या मार्कांचा, तर कुणाला नुसत्या कुरळ्या केसांचा. मला होता तो जंगलाचा! वास्तविक माझा सारा जन्म पुण्यात गेला. पोटासाठी दुसऱ्यांचे हिशेब तपासणे हा माझा व्यवसाय. पण वन्य प्राण्यांवरची पुस्तके जमवायचा नाद लागला, कपाट भरले आणि कपाटाबरोबर डोकेही भरले. पुढे एक भारी दुर्बीण आली, मातकट रंगाचे कपडे आले, एका बाजूने वर दुमडलेली टोपी आली. आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात 'अरण्याची भाषा' ह्या विषयावर माझे व्याख्यान ओळीने तीन वर्षे झाले. शेजारची मुले मला 'जंगलकाका' म्हणू लागली, आणि खोटे कशाला सांगू, ते ऐकून मला गुदगुल्या होत असत.

आमच्या घरात मात्र ह्या कीर्तीचा प्रकाश पडत नसे. "जंगलातले झाडून सगळे प्राणी तुम्हांला ठाऊक आहेत खरे," सौभाग्यवती एकदा म्हणाली, "पण स्वयंपाकघरात पाल निघाली की हाक मलाच मारता!" मी ह्या शेऱ्याकडे दुर्लक्ष केले. मोठ्या माणसांना घरात मान नसतो, हे सर्वश्रुतच आहे.

२०१६ च्या वैशाखी पौर्णिमेला मला मेळघाटात मचाणावर बसण्याची परवानगी मिळाली. ते पत्र मी निदान वीस जणांना दाखवले.

मेळघाट म्हणजे घाटांचा मेळ. अमरावतीहून परतवाडा मागे टाकून गाडी चढणीला लागली की सातपुड्याच्या रांगा एकीत एक गुंतत जातात. १९७४ साली देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांत मेळघाटाची निवड झाली. महाराष्ट्रातला तो पहिलाच. खंडू, खापरा, सिपना, गडगा आणि डोलार ह्या पाच नद्या ह्या डोंगरांतून वाहत जाऊन तापीला मिळतात. पण मे महिन्यात त्यांचे पाणी आटून जागोजाग डोह तेवढे उरतात. सागाची पाने गळून गेलेली असतात. पाणी मोजक्या ठिकाणी आणि पौर्णिमेचे लख्ख चांदणे, असा योग जुळून येतो तो वैशाखात. म्हणून त्या रात्री पाणवठ्याशी मचाणावर बसून, पाण्यावर येणाऱ्या जनावरांची नोंद करायची पद्धत पडली. वाघांची शास्त्रीय मोजदाद आता आपोआप छायाचित्र घेणाऱ्या कॅमेऱ्यांनी होते. तरीपण शहरातल्या माणसाला जंगलाचा सहवास घडवणारी रात्र म्हणून हिचे महत्त्व कायम आहे.

नियम साधे होते. भडक कपडे नकोत, अत्तर नको, विजेरी पाजळायची नाही, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सकाळी गाडी न्यायला येईपर्यंत मचाणावरून खाली उतरायचे नाही. नियम सांगत होते तेव्हा मी मान हलवत होतो; पण मनात म्हणत होतो, हे नवशिक्यांसाठी आहे.

माझ्या सोबतीला एक वनमजूर दिला होता. जवळच्याच पाड्यावरचा कोरकू गृहस्थ. साठीच्या आसपासचा, काटक, अबोल. अंगात विटका खाकी सदरा, हातात तेल पिऊन काळी पडलेली काठी. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी तरी मोठा असेल. पण मी त्याला पहिल्या वाक्यापासून 'अरे' म्हणालो. आमच्या सोसायटीच्या रखवालदाराला म्हणतो तसेच. त्यात काही चुकते आहे असे मला वाटले नाही, आणि त्यालाही वाटल्यासारखे दिसले नाही.

रस्त्यापासून मचाण दीडेक फर्लांग आत होते. वाटेने जाताना तो दर दहा-पंधरा पावलांना काठी दगडावर आपटी, मध्येच खाकरे. माझा संताप झाला.

"अरे, ही ठोकठोक कशाला? अशाने जनावर दिसेल का एखादे?"

"काठी वाजवत गेलेलं बरं राह्यते, साहेब," तो म्हणाला. "वाघाले आपली चाहूल पह्यलेच लागते, तो बाजूले होते. अस्वलाले नाही लागत. ते खाण्यात गुंग राह्यते. आपण एकदम समोर गेलो की ते भेते. अन् भेलं की फाडते."

"मी वाचले आहे सगळे," मी म्हणालो.

तो गप्प बसला. पुढचे अंतर आम्ही मुकाट्याने चाललो.

रात्र फार सुंदर गेली. चांदणे असे पडले होते की हातातला कागद वाचता यावा. साडेआठच्या सुमाराला रानडुकरांचा कळप आला. मग एक सांबराची मादी आली. पाण्याला तोंड लावण्यापूर्वी ती दहा मिनिटे नुसती कानोसा घेत उभी होती. अकराला चार गवे आले आणि पाण्यात काळे पत्थर ठेवल्यासारखे उभे राहिले. प्रत्येक जनावर आले की मी कुजबुजत्या आवाजात त्याची इत्थंभूत माहिती माझ्या सोबत्याला सांगत होतो. ज्याचा जन्म ह्या डोंगरात गेला, त्याला मी गवा म्हणजे काय हे सांगत होतो! आणि तो "हो साहेब" म्हणत होता.

पहाटे तीनच्या सुमाराला एक जनावर झुडपाच्या सावलीतून पाण्याशी आले आणि भर्रकन निघून गेले. मी थरारून कागदावर लिहिले : 'बिबट्या, १'.

"तडस हाये साहेब," तो हळूच म्हणाला. तडस म्हणजे आपण ज्याला तरस म्हणतो ते. "मांगून उतरतं होतं. बिबट्याची पाठ सरळ राह्यते."

"तू गप रे," मी म्हणालो. बिबट्या तसाच कागदावर राहिला.

साडेपाचला फटफटले. गाडी सातला येणार होती. मचाणावर दीड तास नुसते बसून काय करायचे? शंभरेक पावलांवर नाल्याच्या काठाने एक मोठे वारूळ असल्याचे मी येताना पाहून ठेवले होते. त्याच्याशी उभा राहून फोटो काढावा, तो व्याख्यानाच्या पत्रिकेवर छापावा, असा बेत माझ्या मनात रात्रीपासून घोळत होता. मी शिडीवर पाय ठेवला.

"उतरू नका साहेब. गाडी येऊ द्या."

"पाच मिनिटांचे काम आहे. तुला यायचे नसेल तर बस इथेच."

तो काय करणार? पाहुण्याला एकटे कसे सोडायचे? तो माझ्या मागून उतरला आणि सवयीने काठी आपटू लागला. मी मागे वळून ओठांवर बोट ठेवले. काठी थांबली.

घाणेरीच्या दाट झुडपाला वळसा घालून वाट नाल्यात उतरत होती. जवळ जाताच एक विलक्षण आवाज कानांवर आला. लोहाराचा भाता चालावा तसा; आधी जोराची फुंकर, मग लांबलचक सुर्र! अरण्याची भाषा शिकवणारा मी, माझ्या मनात काय आले असेल? कुणीतरी नाल्यात पाण्याचा पंप लावला आहे! "इथे पंप कुणी लावला?" असे म्हणतच मी वळणावरून पुढे झालो.

पंधरा फुटांवर वारूळ होते. वारुळात अर्धे डोके खुपसून एक काळेकभिन्न केसाळ धूड पाठमोरे बसले होते. त्याच्या पाठीवर आणखी एक लहानसे काळे गाठोडे होते. त्या गाठोड्याने मान वळवून माझ्याकडे पाहिले आणि ते किंकाळले.

पुढचे सारे दोन-तीन श्वासांत घडले. मादी गर्रकन वळली आणि मागच्या पायांवर उभी राहिली. छातीवरचा पांढुरका पट्टा, मातीने माखलेले लांब नाकाड आणि माझ्या बोटांएवढाली नखे मला दिसली. तिने जो आवाज काढला तो मी कुठल्याही पुस्तकात वाचलेला नव्हता, कारण तो लिहिता येण्यासारखा नाही. मग ती चारी पायांवर आली आणि निघाली.

लहानपणी आपण सर्वांनीच ती दोन मित्रांची आणि अस्वलाची गोष्ट वाचली आहे. एक मित्र दुसऱ्याला टाकून झाडावर चढतो. ती वाचताना प्रत्येकाला वाटते, आपण काही त्याच्यासारखे नाही. मलाही वाटे. वाचकहो, मी पळालो. माझ्यामागे एक म्हातारा माणूस उभा आहे हे मला ठाऊक होते. त्याला खांद्याने बाजूला ढकलून मी पळालो. दहा पावलांवर गळ्यातली दुर्बीण फांदीत अडकली, मला हिसका बसला आणि मी नाल्याच्या उतारावरून पालथा गडगडलो. तोंडात माती गेली. डोके हातांत खुपसून मी तसाच पडून राहिलो. माझ्या विजारीची अवस्था ह्या घरगुती अंकात सांगण्याजोगी नव्हती.

वरून आवाज येत होते. माणसाची आरोळी, पुन्हा आरोळी, काठी लाकडावर आपटल्याचा खाडखाड आवाज, ते भयंकर गुरगुरणे, आणि मग झुडपे मोडत काहीतरी दूर दूर गेल्याचा आवाज. त्यानंतर इतकी शांतता पसरली की माझा श्वास मला ऐकू येऊ लागला.

"साहेब, उठा. गेली ते."

मी वर पाहिले. ते काठावर उभे होते. हो, 'ते'. येथपर्यंत मी 'तो' असे लिहीत आलो, कारण तोपर्यंत मी त्यांना तसेच समजत होतो. त्या काठावर उभ्या असलेल्या माणसाला 'तो' म्हणण्याची माझी जीभ नाही. डाव्या हाताचा सदरा कोपरापासून मनगटापर्यंत फाटला होता आणि बोटांवरून रक्त ठिबकत होते. काठीचे दोन तुकडे झाले होते. एक अजून त्यांच्या हातात होता.

माझ्या गळ्यातला शोभेचा रुमाल मी त्यांच्या हाताला बांधला. माझी बोटे इतकी थरथरत होती की गाठ त्यांनीच दातांनी आवळली.

आता माझी शरम खरी सुरू होते. कारण अस्वलापुढे पळाला म्हणून माणसाला कुणी फारसा दोष देणार नाही. पण गाडी आली, वनाधिकारी आले, आणि त्यांनी विचारले, "मचाण पंधरा फूट उंच. तुम्ही दोघे खाली काय करत होतात?"

मी तोंड उघडले आणि माझ्याच आवाजात शब्द ऐकले : "हे आधी उतरले. म्हणून मग मीही..."

अधिकाऱ्यांनी त्यांच्याकडे पाहिले. "पाहुण्याला खाली उतरवलंस? इतक्या वर्षांत हेच शिकलास? उद्यापासून कामावर येऊ नकोस."

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिले, मग जमिनीकडे. एक अक्षर बोलले नाहीत.

तालुक्याच्या गावी दवाखान्यात त्यांच्या हाताला चौदा टाके पडले. धनुर्वाताचे इंजेक्शन झाले, पिसाळरोगाच्या लसीचे झाले. मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो. दुपारी त्यांची बायको आली. पायांत वहाणा नव्हत्या, पदराने घाम पुसत ती आत गेली, नवऱ्याचा हात पाहून बाहेर आली आणि सरळ माझ्यापुढे येऊन उभी राहिली. मला वाटले, आता ही बोलणार, आणि बोलायलाच हवे.

"साहेबाले तं नाही ना लागलं?" तिने विचारले.

बस्स, एवढेच. मी उठलो, रिक्षा करून वनाधिकाऱ्यांच्या कचेरीत गेलो आणि खरे काय घडले ते सहीनिशी लिहून दिले : उतरू नका म्हणून सांगितले असता मी उतरलो, काठी वाजवू दिली नाही ती मी, पळालो तो मी, आणि सकाळी खोटे बोललो तोही मीच. शेवटी हेही लिहिले की पहाटे तीनच्या नोंदीतला बिबट्या खोडून तेथे तरस करावे. अधिकाऱ्यांनी तो कागद दोनदा वाचला. ते काहीच बोलले नाहीत, पण चहा मागवायचे राहिले ते राहिलेच. त्यांनी वनमजुरांचे काम चालू ठेवले. पुढच्या वर्षी मात्र माझा अर्ज नामंजूर झाला, आणि तो व्हायलाच हवा होता.

निघताना मी दवाखान्यात गेलो. "काका," मी म्हणालो. हा शब्द तोंडातून पहिल्यांदाच निघाला. "सकाळी तुम्ही बोलला का नाहीत?"

ते थोडा वेळ छताकडे बघत राहिले. "तुमी भेलेले होते साहेब. भेलेला माणूस काहीबी बोलते. अस्वलाचंबी तसंच राह्यते. त्याच्या मनात काही नसते."

पुण्याला येताना रेल्वेत रात्रभर हे वाक्य माझ्या डोक्यात घुमत होते. त्या सकाळी दोन भ्यालेले प्राणी ह्या माणसावर चालून गेले होते. एकाने हातावर घाव घातला, दुसऱ्याने पोटावर. पहिला आपले पिल्लू वाचवत होता. दुसरा आपली ऐट.

घरी आल्यावर मी कपाटातले अस्वलाचे पुस्तक काढले. सगळे त्यात होते हो! भारत, नेपाळ आणि श्रीलंका हे ह्या अस्वलाचे मुख्य घर. नजर मंद, कान मंद. नाक मात्र तिखट. वाळवी आणि मुंग्या हे मुख्य खाद्य. वरच्या जबड्यातले मधले दोन दात निसर्गाने त्याला दिलेलेच नाहीत. त्या फटीतून आधी फुंकर मारून माती उडवायची आणि मग ओठांचा चंबू करून वाळवी ओढून घ्यायची. हा आवाज शंभर मीटरांवरूनही ऐकू येतो. हाच माझा पाण्याचा पंप! पिल्ले कित्येक महिने आईच्या पाठीवर बसून हिंडतात. म्हणून माणूस अचानक जवळ आला तर मादी पळून जाण्यापेक्षा चालून जाणे पत्करते. मार्च-एप्रिलात मोहफुले वेचायला आणि मे महिन्यात तेंदूची पाने तोडायला पहाटे बायाबापड्या रानात जातात, त्याच वेळी त्याच झाडांखाली अस्वलही येते. जखमा होतात त्या अशा. 'मनुष्याने आपली चाहूल देत चालावे' ह्या वाक्याखाली तर तांबड्या पेन्सिलीने रेघ मारलेली होती. रेघ माझीच होती!

म्हणजे वाचले मी होते. पण समजले होते ते काठी वाजवणाऱ्याला. १७९१ साली जॉर्ज शॉ ह्या इंग्रज पंडिताने ह्या अस्वलाची नखे पाहून ते झाडाला उलटे लटकणाऱ्या स्लॉथच्या जातीचे ठरवले आणि तसे नावही देऊन टाकले. इंग्रजीत ते नाव अजून चिकटून आहे. ज्यांच्या रानात अस्वल होते त्यांना जर कुणी विचारले असते, तर त्यांनी हे अस्वल आहे एवढे नक्कीच सांगितले असते. पंडितांत मी अगदीच एकटा नाही, एवढेच त्यातल्या त्यात समाधान.

आमच्या लहानपणी दरवेशी अस्वल घेऊन वाड्यात येत असे. मुलांना त्याच्या पाठीवर बसवत आणि भीती जावी म्हणून त्याचा केस ताईतात घालून गळ्यात बांधत. मलाही बांधला होता, असे आई सांगे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर हळूहळू तो खेळ संपला, आणि ते बरेच झाले. वेसण घातलेले अस्वल पाहून वाढलेल्या माझ्यासारख्यांना त्याचा खरा परिचय कधी झालाच नव्हता. रामायणात जांबवंताने मारुतीला त्याच्या शक्तीची आठवण करून दिली. जांबवंताच्या ह्या लेकीने मला माझ्या अशक्तीची करून दिली. दोन्ही कामे अस्वलेच करू जाणे!

त्या वर्षीच्या गणेशोत्सवात व्याख्यान देणार नाही म्हणून मी सांगितले. पण सौभाग्यवती म्हणाली, "द्या की! आता कुठे सांगण्यासारखे काही तुमच्याजवळ आले आहे." मग मी घडले तसे सांगितले, विजारीसकट. लोक पोट धरून हसले आणि शेवटी गप्प झाले. आधीच्या तीन व्याख्यानांना टाळ्या पुष्कळ पडल्या होत्या, पण अशी शांतता एकदाही मिळाली नव्हती.

काकांशी संबंध राहिला. दर दिवाळीला आमच्याकडून फराळाचा डबा जातो आणि तिकडून कधी मध, कधी चारोळ्या येतात. मागे एकदा ते नातवाला घेऊन चार दिवस आमच्याकडे आले होते. संध्याकाळी लक्ष्मी रस्त्यावर खरेदीला गेलो. रस्ता ओलांडायची वेळ आली आणि ते कडेला थबकले. मोटारी, दुचाक्या, रिक्षा एकापाठोपाठ एक अंगावर येत होत्या. अस्वलापुढे उभा राहिलेला तो माणूस पाऊल उचलायला तयार होईना. मी त्यांचा हात धरला. बाहीखालचे टाक्यांचे वण माझ्या बोटांना लागले.

"घाबरू नका काका, मी आहे ना," मी म्हणालो, आणि म्हणताच लाजलो.

ते हसले. "चाला साहेब," ते म्हणाले, "हे तुमचं जंगल. इथं तुमी काठी वाजवा, मी मांगून येतो."